रिकाम्या चापाचा इतिहास: नगरच्या किल्ल्यापासून स्नॅप कॅपपर्यंत

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज सोबत एक वस्तू आणली आहे. मागच्या रांगेत दिसणार नाही, कारण ती करंगळीच्या दीड पेराएवढी आहे. व्याख्यान संपल्यावर पुढे येऊन हातात घेऊन बघा. हे लाल रंगाचं नकली काडतूस आहे. यात दारू नाही, शिसं नाही. खऱ्या काडतुसाच्या बुडाशी जिथे टोपी असते, तिथे यात स्प्रिंगवर बसवलेला एक बारीक गुटका आहे. याला म्हणतात स्नॅप कॅप. गोळी न घालता रिव्हॉल्वरचा सराव करायचा असेल तेव्हा हे घरात घालायचं आणि चाप ओढायचा. आवाज येतो फक्त ‘कट्’.

आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या व्याख्यानाला हे काय आणलं? आपल्या नगरात इतिहास म्हटला की किल्ला, चांदबिबी, १९४२ सालचे कैदी. सगळं खरं आणि सगळं मोठं. पण हे गाव गेली शंभर वर्षं एका वेगळ्या कामासाठीही ओळखलं जातं. इथे लोक शस्त्र चालवायला शिकतात. आणि शिकण्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी गोळीच्या गैरहजेरीचा इतिहास आहे. आज तेवढाच विषय घेणार आहे.

आधी शब्द नक्की करू, म्हणजे पुढे घोटाळा नको. बोट ज्यावर ठेवतो तो चाप. मागून जो आपटतो तो घोडा. आणि घोड्याच्या धक्क्याने काडतुसाच्या टोपीवर टोचते ती पिन. पुष्कळ जुन्या रिव्हॉल्वरांत पिन वेगळी नसतेच, घोड्याच्याच तोंडाला चोचीसारखं टोक असतं. खरं काडतूस असेल तर त्या टोकाचा मार टोपी झेलते. घर रिकामं असेल तर तो झेलायला कुणी नाही. टोक पुढे जातं आणि सगळा हिसका त्याच्या मुळाशी, खिळ्याशी येतो. एकदा, दहादा काही होत नाही. शेकडो वेळा झालं की टोकाला बारीक चीर जाते आणि ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी ते तुटतं. ही साधी यंत्राची गोष्ट. स्नॅप कॅप टोपीच्या जागी बसून तो मार खाते.

ही अडचण किती जुनी? चला, आपल्या किल्ल्यापाशी जाऊ.

८ ऑगस्ट १८०३. आर्थर वेलस्लीने, म्हणजे पुढे जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला त्याने, शिंद्यांच्या ताब्यातल्या नगरच्या पेठेवर हल्ला केला. १२ तारखेला किल्ला पडला. त्या वेळच्या पलटणीच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. घोड्याच्या जबड्यात गारेचा तुकडा, तो पोलादावर घासतो, ठिणगी पडते, दारू पेटते. आता कवायतीत रोज दोनशे वेळा चाप ओढला तर गार झिजते, पोलादाचं तोंड खराब होतं आणि दोन्हींना पैसे पडतात. म्हणून ब्रिटिश फौजेत एक युक्ती होती. कवायतीच्या वेळी गार काढायची आणि त्या जागी तेवढाच लाकडाचा तुकडा बसवायचा. घोडा पडतो, ठिणगी नाही. सगळ्यात जुनी स्नॅप कॅप म्हणायची तर ती ही, लाकडाची.

पुढे टोपीची बंदूक आली. नळीच्या मागे एक पोकळ बोंडी, तिच्यावर तांब्याची टोपी, घोडा टोपीवर आपटला की बार. १८५३ ची एन्फिल्ड ही त्यातली सगळ्यात गाजलेली. या बोंडीवर टोपी नसताना घोडा आपटला की बोंडी चेपते आणि पुढे टोपी नीट बसत नाही. म्हणून एन्फिल्डबरोबर एक छोटं टोपण दिलेलं असायचं, आत चामड्याची चकती आणि बाहेर बारीक साखळी. साखळी चापाच्या कडीजवळ अडकवलेली, म्हणजे हरवायला नको. सराव करताना ते बोंडीवर चढवायचं. त्या टोपणाचं नाव होतं स्नॅप कॅप! आज आपण काडतुसाच्या आकाराच्या वस्तूला जे नाव देतो ते मुळात या साखळीतल्या टोपणाचं. वस्तूचा आकार पार बदलला, नाव तेच राहिलं.

त्याच १८५३ साली इंग्लंडात हाईथ या गावी नेमबाजीची लष्करी शाळा निघाली. तिथला शिकवण्याचा क्रम बघा. आधी नुसतं उभं राहणं आणि बंदूक धरणं. मग नेम धरणं. मग नुसत्या टोप्या उडवणं. मग बिनगोळीचा बार. आणि सगळ्यात शेवटी गोळी. टोपी उडवण्याच्या धड्यात नळीसमोर हातभर अंतरावर पेटती मेणबत्ती ठेवायचे. नेम सरळ असेल तर टोपीच्या झोताने ज्योत विझते, हात हलला तर तशीच जळत राहते. खर्च एका टोपीचा, आणि शिपायाला स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांनी दिसते. यापेक्षा स्वस्त परीक्षक कुठे मिळणार?

सराव म्हणजे किरकोळ गोष्ट, असं वाटत असेल तर १८५७ आठवा. २४ एप्रिलला मीरतमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांना कवायतीसाठी बोलावलं आणि ८५ जणांनी काडतूस हातात घ्यायला नकार दिला. लढाई नव्हती, समोर शत्रू नव्हता. सरावाचं मैदान होतं. ९ मेला त्यांना सगळ्यांसमोर बेड्या ठोकल्या, १० मेला उठाव झाला. हातात जे दिलं आहे ते नेमकं काय आहे, याबद्दलचा विश्वास उडाला की काय होतं, ते त्या मैदानावर दिसलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी शेवटी त्याच्याकडे परत येणार आहे.

नंतर धातूचं काडतूस आलं. गोळी, दारू आणि टोपी, तिन्ही एकाच पितळी नळकांड्यात. बाहेरची बोंडी गेली. त्यामुळे साखळीचं टोपण निरुपयोगी झालं आणि नकली काडतुसाची गरज पडली. पॉइंट ३०३ रायफलच्या काळातलं कवायतीचं काडतूस तुमच्यापैकी माजी सैनिकांनी, पोलिसांनी पाहिलं असेल. अंगाला उभ्या पन्हळ्या पाडलेल्या आणि त्या पन्हळ्यांत लाल रंग भरलेला. रंग उजेडासाठी, पन्हळ्या अंधारासाठी! रात्री हातात आलं तरी बोटाला कळलं पाहिजे की हे खोटं आहे. ज्याने कुणी हे ठरवलं त्याने माणसाच्या विसरभोळेपणाचा नीट अभ्यास केला होता.

बरं, आपल्याकडे गोळ्या मिळत नव्हत्या म्हणून हे चाललं होतं का? तर नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत. स्वातंत्र्यानंतर खानदेशात वरणगावचा कारखाना झाला. महाराष्ट्रात गोळी तयार होते, ती नगरच्या दारात. तरीसुद्धा शिकणाऱ्याच्या वाट्याला गोळी मोजूनच येते, कारण गोळी ही एकदाच वापरायची वस्तू आहे. पैसा जातो, हिशेब ठेवावा लागतो, मैदान लागतं, उस्ताद लागतो. आणि चाप ओढण्याची सवय मात्र हजारो वेळा केल्याशिवाय अंगात मुरत नाही. हे गणित गोळ्यांनी कधीच सुटत नाही. ते रिकाम्या चापानेच सोडवावं लागतं.

आता येऊ रिव्हॉल्वरकडे, आणि इथे नगरचा धागा खरा लागतो.

१९२० च्या दशकात रॉयल टँक कोअरची शाळा नगरला होती. चिलखती गाड्या आणि रणगाडे चालवायला माणसं इथे शिकायची. १९४८ मध्ये वेगवेगळ्या संस्था एकत्र करून आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल झालं, ते आजही इथे आहे. १९९४ मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय झालं. नगरच्या शाळांच्या सहली तिथे जातात, मुलं रणगाड्याच्या तोफेला हात लावून येतात. पण रणगाड्यात बसणाऱ्या माणसाच्या कमरेला काय असायचं, हे सहसा कुणी विचारत नाही.

रायफल रणगाड्यात मावत नाही, अडते. म्हणून रणगाडेवाल्याला रिव्हॉल्वर. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांचं रिव्हॉल्वर होतं पॉइंट ४५५ चं वेब्ली. जड, आणि धक्का असा की नवशिक्याचा हात वर उडायचा. युद्धानंतर त्यांनी विचार केला की एवढं दांडगं हत्यार नीट शिकवायला फार वेळ आणि फार गोळ्या लागतात. हलकं हत्यार घेतलं तर साधा शिपाई थोड्या दिवसांत तयार होईल. म्हणून १९३२ मध्ये पॉइंट ३८ चं एन्फिल्ड नंबर दोन आलं. लक्षात घ्या मंडळी, हत्याराचा आकार ठरवताना सुद्धा सरावाचा हिशेब केला गेला.

मग रणगाडेवाल्यांची तक्रार आली. घोड्याला मागे अंगठ्याने ओढायचा जो काटा असतो, तो आत चढता-उतरताना कशाला ना कशाला अडकायचा. १९३८ मध्ये तो काटाच काढून टाकला. नव्या नमुन्याचा घोडा मागून सपाट. पण त्याची किंमत काय? अंगठ्याने घोडा आधी मागे ओढून ठेवला की चाप हलका होतो, नेम सोपा जातो. ती सोय गेली. आता प्रत्येक बाराला चाप सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटाने ओढायचा. स्प्रिंग थोडी हलकी केली, तरी पाच-सहा किलोचा जोर लागायचा. एका बोटाने विहिरीतून अर्धी घागर शेंदावी तसं. आणि तेवढा जोर लावताना नळी हलता कामा नये.

हे गोळ्या उडवून शिकता येतं का? येतं, पण दर वेळी धमाका आणि धक्का असल्याने आपला हात बिचकतो की नाही हे कळतच नाही. बार झाला, धूर झाला, हात वर गेला, सगळं एकदम. रिकाम्या चापात मात्र लपायला जागा नाही. ‘कट्’ आवाज झाला त्या क्षणी नळीचं टोक खाली गेलं तर ते तुम्हाला लख्ख दिसतं. उस्ताद लोक मैदानावर एक गंमत करतात. सहा घरांपैकी दोनतीन घरांत नकली काडतुसं घालतात आणि शिकणाऱ्याला सांगत नाहीत. नकलीवर घोडा पडला आणि हात तरीही हिसकला, की चोरी पकडली. हा प्रयोग मैदानावर, उस्तादाच्या हाताखालीच करायचा. खरी आणि खोटी काडतुसं घरात एकत्र कधीही येता कामा नयेत.

त्याच एन्फिल्डची आणखी एक हकिगत सांगतो. १९४२ मध्ये युद्धाच्या घाईत घोड्याचा एक छोटा अडसर गाळून टाकला. तो अडसर नसेल तर हत्यार खाली पडल्यावर आपोआप बार होण्याचा धोका. युद्ध संपल्यावर तसली रिव्हॉल्वरं परत घेऊन त्यांत अडसर बसवावा लागला. घाईत वाचवलेला एक तुकडा पुढे किती महागात पडतो, ते बघा.

आता आजच्या नगरकडे येतो. आपल्या जिल्ह्यात परवान्याची रिव्हॉल्वरं आहेत. लष्कराचा पॉइंट ३८ सामान्य माणसाला मिळत नाही, म्हणून आपल्याकडे परवाना बहुधा पॉइंट ३२ चा असतो. कानपूरला तयार होणारं रिव्हॉल्वर हे त्याच जुन्या वेब्लीच्या घराण्यातलं. खडकीच्या काडतुसावर ‘केएफ’ असा शिक्का असतो. परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते. निवडणुकीची आचारसंहिता लागली की अनेकांची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा होतात. सरावासाठी मैदान जवळ नाही. मग होतं काय? हत्यार कपाटात, सराव शून्य, आणि वर्षातून एक दिवस ते बाहेर निघतं. तो दिवस म्हणजे खंडेनवमी.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगणार नाही. ओळखीचं घर. खंडेनवमीला देवघरासमोर पाट मांडला, कोयता, विळा, मोटारीची चावी आणि मधोमध रिव्हॉल्वर. हळद-कुंकू, झेंडूचं फूल. पूजा झाली. नातू म्हणाला, “आबा, कसं चालतं दाखवा ना.” आबा म्हणाले, “अरे, रिकामं आहे, काल रात्रीच मी स्वतः रिकामं केलं,” आणि भिंतीकडे धरून चाप ओढला. एकदा कट्, दुसऱ्यांदा कट्, तिसऱ्यांदा बार. गोळी भिंतीत कॅलेंडरच्या खाली घुसली. कुणाला लागलं नाही. त्या घरात आज नवं कॅलेंडर त्याच खिळ्याला आहे, पण जरा खाली लावतात, म्हणजे भोक झाकलं जातं.

आबा खोटं बोलत नव्हते. त्यांनी रिकामं केलं होतं. मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये काडतुसं वर उचलली जातात तेव्हा एखादं काडतूस पूर्ण बाहेर न पडता परत घरात बसतं. पाच पडली, त्यांना वाटलं सहा पडली. मोजली नाहीत, एकेक घर बघितलं नाही. आणि दुसऱ्या दिवशी आठवणीच्या भरवशावर चाप ओढला.

मंडळी, म्हणून मला वाटतं की स्नॅप कॅप पिन वाचवते हा तिचा दुय्यम उपयोग आहे. पिन बाजारात मिळते. तिचा खरा उपयोग असा की ‘रिकामं’ हा शब्द ती डोळ्यांना दाखवते. सहा घरांत सहा लाल बुडं दिसली, तर सातव्या कशाला जागाच नाही. एक घालून भागत नाही, कारण चाप ओढला की चक्र फिरतं आणि पुढचं घर समोर येतं. सहाच्या सहा हवीत. आता मागचा सगळा इतिहास आठवून बघा. लाकडाचा तुकडा, साखळीचं टोपण, लाल पन्हळ्या. प्रत्येक वेळी खरं आणि खोटं यांच्यात नजरेला दिसेल, बोटाला लागेल असा फरक कुणीतरी मुद्दाम करून ठेवला. आठवणीवर कुणीच सोडलं नाही. आणि ज्यांच्याकडे ही सोय नाही ते वापरलेल्या पितळी नळकांड्यात रबर बसवून घरगुती स्नॅप कॅप करतात. पिन वाचेल हो, पण ती दिसते खऱ्यासारखी. म्हणजे मुख्य कामच बुडालं. करायचीच असेल तर निदान अंगाला लाल रंग तरी फासा.

घरी सुका सराव करणाऱ्यांसाठी अनुभवी माणसं जे सांगतात ते थोडक्यात सांगतो. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. हत्यार उघडून सहाही घरं बघायची, करंगळीने चाचपायची. मग सहा स्नॅप कॅप. समोर भरभक्कम भिंत हवी, दार नको, टीव्ही नको, माणूस तर नकोच. दहा-पंधरा मिनिटं पुरे. संपलं की मोठ्याने म्हणायचं, “संपलं,” आणि हत्यार जागेवर. कारण अपघात बहुतेक वेळा त्या ‘अजून एकदा’मध्ये होतो. सराव झाला, खरी काडतुसं परत भरली, आणि हात सवयीने पुन्हा चापाकडे गेला.

ही शिस्त काय देते ते बघायचं तर कोल्हापूरकडे बघा. राही सरनोबत ही २५ मीटर पिस्तुलाची नेमबाज, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. स्वप्निल कुसाळे, १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य, ४५१.४ गुण. या पातळीवरचे नेमबाज मैदानावर जेवढा वेळ गोळ्या उडवतात, त्याच्या जोडीला ड्राय प्रॅक्टिस ठरलेली असते. २०२० च्या टाळेबंदीत मैदानं बंद झाली तेव्हा देशभरच्या नेमबाजांनी घरातल्या भिंतीवर कागदाचं वर्तुळ चिकटवून रिकामा चाप ओढला. हाईथची मेणबत्ती गेली, पण धडा तोच.

(श्रोत्यांमधून प्रश्न: स्नॅप कॅप नसेल तर रिकामा चाप ओढलेला चालतो का?)

चांगला प्रश्न. हत्यारावर अवलंबून आहे. नव्या घडणीच्या पुष्कळ रिव्हॉल्वरांत पिन सांगाड्यात स्प्रिंगवर असते, ती बराच मार सोसते. घोड्याला चोच असलेल्या जुन्यात टाळा. आणि पॉइंट २२ मध्ये तर बिलकुल नको, कारण तिथे टोपी मधोमध नसून मसाला काडतुसाच्या कडेत असतो. रिकाम्या घरात पिन थेट घराच्या काठावर आपटते आणि काठ चेपतो. उत्पादकाचं पुस्तक बघा. पण मी म्हणेन, पिनेला चालत असलं तरी तुम्ही घालाच. पिनेसाठी नको, आबांसाठी घाला.

(प्रश्न: मग खंडेनवमीला पूजा करायची की नाही?)

करा की! शस्त्राचा आदर करायचा तो दिवस आहे. फक्त पाटावर ठेवायच्या आधी उघडा, सहा घरं बघा, घरातल्या दुसऱ्या माणसालाही दाखवा, आणि उघडंच ठेवून पूजा करा. फूल उघड्या रिव्हॉल्वरवरही शोभतं. लग्नात, वरातीत मात्र हवेत बार काढायची हौस नको. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

मीरतच्या मुद्द्याकडे परत येतो म्हटलं होतं. हातात काय आहे याची खात्री असणं, ही सगळ्या शिक्षणाची पहिली पायरी. ती खात्री कुणाच्या सांगण्यावरून येत नाही, स्वतःच्या आठवणीवरूनही येत नाही. ती उघडून बघितल्यावर येते. तेवढं आजच्या व्याख्यानातून घेऊन गेलात तरी माझं काम झालं.

आता या, पुढे येऊन ही लाल गोळी बघा. आणि हो, हातात घेतल्यावर बूड आधी तपासा. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नका.